नाझियाचा पीसी माझ्या पीसीत का डोकावत होता?

परवा अकोल्याला जाऊन मी स्वतःच्याच हातानं स्वतःची शोभा करून आलो...

मी अमरावतीला राजापेठेतल्या एका क्लासमध्ये आयटी सांभाळतो. सात वर्षं झाली. अकोल्याच्या ब्रांचला हेच काम करायला दिवाळीनंतर नाझिया आली, रोज मूर्तिजापूरहून रेल्वेनं ये-जा करते.

आणि आमचे सर? उठता-बसता नाझिया! "नाझियाले इचार, तिनं पाच मिन्टात केलं." दोन्ही ब्रांचचा आयटी इन्चार्ज नेमायचा होता, मी कधीपासून आस लावून बसलेलो... आणि ही कालची आलेली. खरं सांगतो, तिचं नाव निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गेल्या महिन्यात दोन्ही ब्रांचच्या नेटवर्कच्या मधे नवीन फायरवॉल बसवली. कोणता पीसी कुठं जायला निघाला, कोणाला अडवलं, सगळं तिच्या लॉगमध्ये दिसतं. सोमवारी लॉग चाळत होतो, तर नाझियाचा पीसी माझ्या पीसीकडे येताना दिसला. तोही फाइल शेअरिंगच्या पोर्टवर, म्हणजे एका पीसीतलं फोल्डर दुसऱ्यावरून उघडायचा जो रस्ता असतो त्यावरून. फायरवॉल अडवतेय, तरी पुन्हा पुन्हा... रोज.

सापडली! बाईसाहेब माझ्या पीसीतले परीक्षेचे पेपर बघायला निघाल्या म्हणायच्या. मला इतका आनंद झाला की आता सांगायलाही लाज वाटते.

एक फोन करून तिला विचारता आलं असतं. नाही केला. स्क्रीनशॉट काढून सरळ सरांना पाठवला. आरोप खरा निघाला तर तिची नोकरी जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सरांनी मला गाडीत घातलं. "चाल अकोल्याले. जे बोलाचं ते तिच्या तोंडावर बोल."

नाझियानं लगेच पीसी उघडून दिला. ड्राइव्हच्या यादीत शेवटी लाल फुलीचा, म्हणजे जोडणी तुटलेला एक ड्राइव्ह... नाव 'संजय पेपर'. संजय म्हणजे मीच!

हा पीसी आधी आमच्या झेरॉक्सच्या खोलीत होता. पेपर छापायला सोपं पडावं म्हणून माझं फोल्डर मीच त्याला जोडलं होतं. अकोल्याला धाडताना फॉरमॅट करायचा कंटाळा केला. तेव्हापासून तो सुरू झाला की माझं जुनं फोल्डर शोधत बसायचा, नाझियाचा काही संबंधच नव्हता.

"हे तं तुयंच लफडं निंगालं बे संजय!" सर हसले आणि चहा सांगायला बाहेर गेले.

मग नाझियानं हळूच मोबाइल पुढं केला. मलाच पाठवलेला तिचा जुना मेसेज... "भाऊ, इथं तुमच्या नावाचा एक ड्राइव्ह दिसून राहिला. काढून टाकू काय?" खाली दोन निळ्या टिक. मी वाचला होता, मुद्दाम उत्तर दिलं नव्हतं आणि पुढं विसरूनही गेलो होतो. एवढी हुशार आहे ना, शोध म्हटलं तुझं तू.

"सरांसमोर काहून नाही दाखवला?" मी विचारलं.

"तुमची इज्जत गेली असती ना भाऊ."

परतताना गाडीत तो मेसेज मीच सरांना दाखवला.

काल इन्चार्ज म्हणून नाझियाचं नाव लागलं. पोटात दुखलं... खोटं कशाला बोलू? आजही थोडं दुखतंय.

पण नाझिया, सॉरी. आणि थँक्यू. तुझी चुगली मी तुझ्या पाठीमागे केली होती, म्हणून माफी इथं, सगळ्यांच्या समोर मागतोय.