लेंडीसाहेबांचा हातमोजा

आमच्या मेहुण्यांना सगळे लेंडीसाहेब म्हणतात. चिडवायला नव्हे, हुद्दा म्हणून. जनावरांच्या पोटातल्या जंतूंचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेसाठी ते एकतीस वर्षं लेंड्या गोळा करताहेत. गोठ्यातल्या शेळ्यांच्या वेगळ्या, डोंगरावरच्या रानशेळ्यांच्या वेगळ्या. "गोठ्यातलीच्या पोटात चार घरांची वस्ती, रानातलीच्या पोटात भरलेला बाजार!" हे ते नेमकं जेवताना सांगतात. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पाणी आणायला म्हणून उठतात, त्या परत येतच नाहीत.

त्यांचा धर्म एकच: लेंडी गरम असताना उचलायची, मातीला टेकलेली घ्यायची नाही आणि हातमोजा काढायचा नाही. "एक बोट लागलं की नमुना बाटला!" भाजी निवडायला वहिनींनाही त्यांनी हातमोजे आणून दिले होते. वहिनींनी ते मोरी घासायला काढले.

गेल्या हिवाळ्यात डोंगरावरची शेवटची रानशेळी मेली. एक कान फाटलेला, म्हणून तिचं नाव कानफाटी. तिचा शेवटचा नमुना, नळी क्रमांक एकेचाळीस, लेंडीसाहेबांनी प्रयोगशाळेतल्या उणे ऐंशी अंशांच्या थंड कपाटात ठेवला, आणि त्या दिवसापासून त्यांना खुरांची टकटक ऐकू येऊ लागली.

"भर दुपारी, हो! वळून पाहिलं की बंद."

"कपाटाची मोटार वाजत असेल."

"मोटार माझ्या मागं बसथांब्यापर्यंत येते होय?"

मी हसलो. पण तेव्हाच आमचं मांजर त्यांच्या खुर्चीमागच्या रिकाम्या फरशीकडे बघत पाठ फुगवून उभं राहिलं.

महिन्याभरात तपासणीचा निकाल आला. एकेचाळीस नंबरच्या नळीत माणसाच्या हातावरचे जंतू! प्रयोगशाळेच्या मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. "कुणाचा हात लागलाय ते कळलं, तर त्या हातावरचे जंतू ओळखून वजा करता येतील. नाही कळलं, तर शुक्रवारी नळी नष्ट करावी लागेल. कानफाटीचं एवढंच उरलंय."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. लेंडीसाहेबांकडे कुणीच पाहिलं नाही. तेच त्यांना झोंबलं.

गुरुवारी संध्याकाळी ते आमच्याकडे आले. चहावर साय धरली तरी कप उचलेनात.

"कानफाटी खडकाखाली पडली होती," ते एकदम म्हणाले. "मी जवळ गेलो तरी उठली नाही. तिच्या आईमागं फिरलो, आजीमागं फिरलो. एकीनंही वीस पावलांच्या आत येऊ दिलं नाही. आणि ही नुसती बघत होती. रबराचा हात कपाळावर कसा ठेवायचा, तुम्हीच सांगा?"

"काढलात हातमोजा?"

"काढला. ती गेल्यावर मागं लेंड्या दिसल्या. गरम होत्या. तशाच उचलल्या."

"विसरलात म्हणा."

"हातमोजा खिशात टोचत होता हो. विसरतोय कसला!"

"मग सांगून टाका मॅडमना."

"नव्या पोरांना मी शिकवतो! तोंड कुठं लपवू?"

"आणि नळी गेली तर?"

ते मान किंचित मागं वळवून ऐकत राहिले. मला काही ऐकू आलं नाही. मांजर मात्र उठून आतल्या खोलीत गेलं.

शुक्रवारी ऑफिस उघडताच ते मॅडमपुढे उजवा हात पसरून उभे राहिले. शाळेत छडी खायला उभं राहतात, तसे.

"काका, तुम्ही?"

"मीच. फिरवा कापूस."

मॅडमनी काडीवरचा कापूस तळहातावर फिरवला, बोटांच्या बेचक्यांतूनही फिरवला. नळी वाचली. दुपारपर्यंत लेंडीसाहेबांच्या खुंटीवर कुणीतरी हातमोजा लटकवून ठेवला होता, वर चिठ्ठी: 'विसरू नये.' तो त्यांनी अजून काढलेला नाही.

नियमाप्रमाणे त्यांच्या हाताचा नमुनाही थंड कपाटात गेला. क्रमांक एकेचाळीस-अ, अगदी कानफाटीच्या शेजारी.

परवा मी विचारलं, "थांबली का टकटक?"

"माझ्या मागची थांबली."

"सुटलात!"

"आता कपाटातून येते." त्यांनी आवाज खाली आणला. "दाराला कान लावला मी. पुढं चार पायांची. आणि तिच्या मागं दोन पायांची, जरा लंगडी."

"ती कुणाची?"

त्यांनी उजवा गुडघा चोळला. "चढणीला माझा पाय अस्साच पडतो."