गोफणीला हसले मी

मंडळी, आज दुपारपासून स्वतःचीच लाज वाटतेय.

नात आणि तिच्या मैत्रिणी फाशांवरचा लढाईचा खेळ मांडून बसल्या होत्या. जुन्या काळचा योद्धा व्हायचं आणि शस्त्र निवडायचं. सगळ्यांनी तलवारी घेतल्या. शेजारच्या पूर्वाने गोफण घेतली.

मी खो-खो हसले. "अगं, ती पाखरं हाकलायची! लढाईत कोण नेतं?"

"नेत होते ना आजी! गरिबाले तलवार कुठून भेटन? माही आजी तर अजून टिपून मारते. तुमी नाही फिरवली कधी?"

"छे! मी कॉन्व्हेंटमधली."

बाकीच्या फिदीफिदी हसल्या. पूर्वाने आपल्या कागदावरची गोफण खोडून तलवार लिहिली.

आणि मला सत्तरच्या दशकातलं माझं गाव, इंझोरी, दिसलं. सुट्टीत कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून घरी आले की ज्वारीतल्या मचाणावर आई स्वतः वळलेली अंबाडीची गोफण माझ्या हाती द्यायची. म्हणायची, "घे बाई, तुह्या नेमाले तोड नाही."

त्या गोफणीला मी आज नाकारलं, आणि आईलाही.

उद्या पूर्वा येईल. गोफण फिरवून दाखवीन. हात विसरला नसेल. पण ते "छे" परत कसं घेऊ?