रेघा नसलेली बोटं

ही वही कुणी वाचलीच, तर माझं किरटं अक्षर आणि चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ पोटात घालावेत. शाळा चौथीपर्यंतच झाली.

आज ग्रामपंचायतीने स्वतःच्या खर्चाने आरोग्य विम्याची कार्डं काढायचं यंत्र आणलं होतं, एकाच दिवसापुरतं. माझ्या पोटातली गाठ काढायची आहे आणि कार्डाशिवाय ते आम्हाला झेपणारं नाही. मी अंगठा ठेवला. तांबडा दिवा लागला. मग दहाही बोटं लावून झाली. वीस वर्षं शेठच्या कारखान्यात काजू फोडले, टरफलाच्या तेलाने बोटांवरच्या रेघा खाऊन टाकल्या.

"तुझे ठसे शेठकडे गहाण पडले गो," मागून शेजारची सुमन म्हणाली. बायका हसल्या. ज्या हातांनी जन्मभर राबले, त्यांनीच मला ओळख दाखवू नये?

यंत्रावरची मुलगी म्हणाली, "काकी, घाबरू नका. डोळ्यावरून होईल. समोर बघा, पापणी हलवू नका."

समोर बघायची मला सवय नाही. माहेरी, सासरी, कारखान्यात मी खाली बघूनच वावरले. त्या काळ्या काचेत बघताना वाटलं, आत कुणीतरी आहे आणि ते थेट गाठीपर्यंत बघतंय.

"झालं, काकी."

कार्ड हातात आलं. सकाळपासून ते मिळणार नाही म्हणून जीव खालीवर होत होता. घरी येताना कळलं, आता ऑपरेशनला नाही म्हणायला माझ्याजवळ काही कारणच उरलं नाही.