रागाचे निमंत्रण
दिनांक: तीन वर्षांपूर्वीच्या अक्षय्य तृतीयेनंतरचा सोमवार. जबाबदार: परभणीतील एक समुपदेशक बाई. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की तो दिवस उभा राहतो. “राग आला तर माझ्यावर काढा, काका, आपलं नातं तेवढं पक्कं आहे,” हे वचन त्यांचेच. त्या दिवशी मी पत्नीच्या अखेरच्या रात्रीबद्दल प्रथमच बोलत होतो आणि त्या मोबाइल पाहून हसल्या. मी ओरडलो. त्यांनी घंटी दाबली. “काका, लय आवाज करायलाव, चला भाईर,” म्हणत वॉचमनने दंड धरून मला बाहेर बाकांवर बसलेल्या लोकांदेखत काढले. त्यानंतर पत्नीबद्दल मी कोणाशीही बोललेलो नाही. बाई, निमंत्रण तुमचे असताना गुन्हेगार मी कसा, याचे उत्तर त्याच बाकांसमोर उभ्या राहून द्या.