चाकाखालचा दगड

क्लीनर म्हणजे साफ करणारा, असं आम्हाला शाळेत शिकवलं. गुरुजींनी आमच्या राजुरीचा हौशीराम बघितला नसणार! भगवंतरावांच्या टेम्पोवर तो वर्षानुवर्षं क्लीनर. फडकं हातात घ्यायचा ते फक्त दसऱ्याला. एरवी टोमॅटोचे क्रेट चढवायचे, ताडपत्री आवळायची आणि दगड लावायचा. टेम्पोचा हँडब्रेक कधीचाच गेलेला. गाडी मागं घेताना हमालांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या की येऊ द्या, एक मारली की थांबा. एक थाप पडली की हौशीराम सीटखालचा दगड घेऊन उडी मारायचा आणि चाकाला लावायचा. हँडब्रेक दुरुस्त करा म्हटलं की भगवंतराव म्हणायचे, "हौशीराम हाय की!"

त्याला ड्रायव्हर व्हायचं होतं, दुसरं काही नाही. अठ्ठ्याण्णव साली लायसन काढलं. त्याच सुमारास ड्रायव्हर सावळेरामला मोतीबिंदू झाला. भगवंतराव म्हणाले, "दसऱ्याला गाडी तूच दारात आण. नीट आणलीस तर सीट तुझी."

हौशीराम क्लीन शेव्ह करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. भगवंतरावांच्या आई, बयाबाई, ओट्यापुढं आरतीचं ताट घेऊन उभ्या. अंगणाला उतार. हौशीराम गाडी मागं घेत होता, झकास घेत होता राव! मागं उभ्या सावळेरामनं दोन थापा मारल्या, मग एक.

आणि या गड्यानं काय करावं? सगळं सोडून दगड घेतला आणि दारातून उडी मारली!

स्टेअरिंगवर कुणीच नाही, टेम्पो निघाला उतारानं बयाबाईंकडं. सावळेराम बाजूला पळाला. हौशीरामनं धावत जाऊन चाकामागं दगड सारला. बयाबाईंपासून वीतभर अंतरावर टेम्पो थांबला. कट्ट्यावरची पोरं ओरडली, "क्लीन बोल्ड!" मला असा राग आला, एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

बयाबाईंनी हौशीरामालाच ओवाळलं. लेकाला म्हणाल्या, "ह्यानं माझा जीव वाचिवला. ड्रायव्हर लई मिळत्याल, असला क्लीनर न्हाई मिळायचा. ह्याला कदी सोडू नगंस."

भगवंतरावांनी आईचा शब्द कधी मोडला नाही. नवा ड्रायव्हर आळेफाट्याहून आणला.

हौशीराम अजून दसऱ्याला टेम्पो धुतो. लायसन भिजू नये म्हणून आधी खिशातून काढतो आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच दगडाखाली ठेवतो.