विनूचं तळं

"तळ्याकाठी राहतो, अक्का, एकदा येच," असं धाकट्या भावाने कळवलं आणि मी खुळी पुण्याहून निघाले. ऐन दुष्काळात तळं म्हणजे चैनच की! राहुरीच्या पुढे एसटीने नुसती धूळ खाऊ घातली. प्रवरेच्या पात्रात बघावं तिकडे वाळू.

विनू नगरपालिकेत ओव्हरसियर. त्याचं बिऱ्हाड दिसायच्या आधीच मी नाकाला पदर लावला.

"हे तुझं तळं?"

"गावातल्या गटारांचं पाणी इथे अडवतो. गाळ खाली बसतो, उन्हाने पाणी निवळतं, मग ते घासाला (गुरांच्या हिरव्या चाऱ्याला) सोडतो. नदीत थेंब जाऊ देत नाही!"

"आणि मी इथे बसून दशम्या खायच्या?"

तो फिदीफिदी हसला. लहानपणापासून असाच आहे मेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याचं हसू पळालं. तळ्याचा बांध नदीच्या अंगाने पाझरत होता. खालीच वाळूत झिरा (उकरून काढलेला पाण्याचा खड्डा) होता. अख्ख्या वस्तीला प्यायला तेवढंच पाणी. घाण तिथवर पोचली की संपलंच! पालिकेची माणसं टँकरबरोबर गेलेली. विनू एकटाच घमेलं घेऊन धावत सुटला. मीही पातळ खोचून मागे गेले आणि घसरून गुडघ्यापर्यंत तळ्यात. तेव्हा विनूला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आरडाओरडा ऐकून झिऱ्यावरच्या बाया वर आल्या. पुढे सखुबाई, आमच्या आईच्या वयाची.

"सरा सायेब, आमच्या पान्याचं काम हाय. आन् ह्या बाईस्नी काडा आदी, म्हशीवानी बसल्यात!"

सगळ्यांनी मिळून काळी माती तुडवली, घासाच्या पेंढ्या घालून भोक चेपलं. दुपारी पाझर थांबला.

मला वाटलं, आता जातील. कसल्या जातात! सखुबाईने घरून हळदकुंकू, नारळ, मूठभर गहू आणवले आणि बांधावर बसून चक्क तळ्याची ओटी भरली.

"अहो, गटाराची ओटी?" मला हसू आवरेना.

"मंग? तिला हितंच नांदवायची हाय न्हवं?" मग ती तळ्याकडे वळली. "हितंच नांद गं बाय. नदीकडं येऊ नगं. आमची पोरंबाळं तितलं पानी पित्यात."

माझं हसू मावळलं. डोळे भरून आले. मीही पुढे होऊन कुंकू वाहिलं.

धुवायला पाणी कुठलं? पातळ तसंच पिशवीत कोंबून परत निघाले. एसटीत शेजारी कुणी बसेना.

"बाई, पिशवीत काय हाय? लई वास मारतोय," कंडक्टर म्हणाला.

"माझ्या भावाचं तळं आहे," मी ठसक्यात सांगितलं.

पुण्याला पोचल्यावर आधी ते पातळ धुवायला काढलं. दोन बादल्या मोरीत ओतल्या आणि ह्यांना विचारलं, "अहो, आपल्या मोरीचं पाणी जातं कुठे?"

"नदीत. आणखी कुठे जाणार?" वर्तमानपत्रातून मानही वर न करता हे म्हणाले.

तिसरी बादली हातात धरून मी तशीच उभी राहिले. खालच्या अंगाला कुणाचा झिरा असेल, कुणास ठाऊक.