धारहून आणलेला बेलर

गव्हाची कापणी उरकली की आमच्या शेताकडे, टोंकखुर्दच्या बाजूला, पूर्वी सगळीकडे धूर दिसायचा. हार्वेस्टर वरच्या ओंब्या तेवढ्या कापून नेतो आणि खाली खुंटं तशीच उभी राहतात. माळव्यात त्यांना नरवाई म्हणतात. सोयाबीनसाठी रान लवकर मोकळं व्हावं म्हणून सगळेच ती पेटवून द्यायचे. आम्हीही द्यायचो.

आम्ही म्हणजे खरं तर दादा, माझा थोरला भाऊ. आमच्या घराण्यात सगळे नोकरदार, आधी देवासच्या दरबारात आणि मग कचेऱ्यांत. दादाने मात्र कॉलेज संपल्यावर सरळ शेत धरलं. मी धारला सरकारी शाळेत शिकवायचो. शनिवारी बसने देवासला घरी यायचं आणि रविवारी दादा-वहिनींबरोबर शेतावर जायचं, असा माझा कितीतरी वर्षांचा क्रम होता.

एका वर्षी नरवाई पेटवली आणि वारा फिरला. जाळ बांधावर चढला आणि तिथला आंबा एका बाजूने पार होरपळला. लग्न होऊन आली त्याच वर्षी वहिनीने तो लावला होता. ती विहिरीवरून बादल्या आणून झाडाच्या बुंध्याशी ओतत राहिली. दादा तिच्या मागे मागे दुसरी बादली घेऊन फिरत होता. शेवटी तोच म्हणाला, "यापुढे आपल्या रानात काडी लागायची नाही. बेलर बघतो."

बेलर म्हणजे कापून शेतात पाडलेलं काड उचलून, दाबून, सुतळीने बांधून त्याचे चौकोनी गठ्ठे मागे टाकणारं मशीन. ते ट्रॅक्टरच्या मागे जोडतात. नवं घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून जुन्याचा शोध सुरू झाला. एक जवळच्याच गावात पाहिलं. त्याला ताजा निळा रंग फासला होता. वहिनीने पदराच्या टोकाने एक कोपरा पुसला, तर पदर निळा झाला आणि खाली गंज दिसला. "सजवून आणलेली नवरी आहे ही," असं म्हणत ती गाडीत जाऊन बसली.

नंतर माझ्या शाळेतल्या एका सोबत्याने सांगितलं की धारच्या पुढे, बाग गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला एका खेड्यात दोन भावांची वाटणी झाली आहे आणि त्यांचा बेलर विकायचा आहे. मशीन चांगलं आहे, जपून वापरलेलं. मी दादाला फोन केला. दुसऱ्याच रविवारी दादा आणि वहिनी भल्या सकाळी धारला येऊन हजर. पोहे खाऊन आम्ही तिघं निघालो.

घर सापडायला वेळ लागला नाही. एकच मोठं अंगण, पण मधोमध नवी भिंत. विटा अजून उघड्याच होत्या. उजवीकडे थोरला राहायचा, डावीकडे धाकटा. मशीन थोरल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. पन्नाशीचा, उंच, मोजकं बोलणारा माणूस. त्याने वरची ताडपत्री काढली. आत एकही काडी अडकलेली नव्हती. प्रत्येक सांध्याला ताजं ग्रीस होतं. दादा वाकून वाकून बघत होता आणि त्याचा चेहरा खुलत चालला होता.

"चलाकर दिखाओ भिया," दादा म्हणाला.

थोरल्याने ताडपत्री घडी करून ठेवली. मग भिंतीकडे बोट करून म्हणाला, "मशीन म्हारे पास है. शाफ्ट उधर है."

शाफ्ट म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मशीनपर्यंत नेणारा लोखंडी दांडा. तो नसेल तर मशीन नुसतंच उभं राहणार. झालं होतं असं की पंचांनी वाटणीत मशीन थोरल्याला दिलं, पण त्या दिवशी शाफ्ट धाकट्याच्या ट्रॅक्टरला लागलेला होता. धाकट्याने तो दिला नाही आणि थोरल्याने मागितला नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"बाज़ार में दूसरा मिल जाएगा," थोरला म्हणाला.

ते खरंही होतं. पण चालताना पाहिल्याशिवाय दादा मशीन घेणार नव्हता. आम्ही दोघं भाऊ तिथेच शेडमध्ये खाली बघत उभे राहिलो. दुसऱ्याच्या घरचं भांडण असं अचानक समोर आलं की हात कुठे ठेवावेत हेही कळत नाही. वहिनी मात्र फाटकाबाहेर पडली आणि वळसा घालून डावीकडच्या घरात शिरली.

ती आत काय बोलली ते तिने नंतर गाडीत सांगितलं. धाकट्याच्या बायकोने पाणी दिलं, चहाचं विचारलं. वहिनीने शाफ्टचं नावही काढलं नाही. तिने धाकट्याला एवढंच विचारलं, "मशीन चलाता कौन था, तुम या वो?"

"गाड़ी वो चलाते थे," धाकटा म्हणाला. "पीछे गाँठ मैं देखता था. गाँठ का काम उनको नहीं आता."

"तो फिर हमको गाँठ कौन सिखाएगा?"

थोड्या वेळाने धाकटा खांद्यावर शाफ्ट घेऊन फाटकातून आत आला. भावाकडे न बघता त्याने तो जोडायला घेतला. थोरला ट्रॅक्टरवर चढून बसला. शेडमागे गव्हाच्या काडाच्या ओळी पडलेल्या होत्या, तिकडे मशीन न्यायचं होतं.

"इनसे कहो, धीरे छोड़ें," धाकटा दादाला म्हणाला.

दादाने ट्रॅक्टरकडे तोंड करून सांगितलं, "धीरे छोड़ो."

"इनसे कहो, मुझे मालूम है," वरून उत्तर आलं.

दादाने तेही सांगितलं. मला हसू येत होतं, पण वहिनीने डोळे वटारले.

मशीन सुरू झालं. धप्प, धप्प, धप्प असा जड, एका लयीतला आवाज. काड आत ओढलं जाऊ लागलं. पहिला गठ्ठा मागून हळूहळू सरकत बाहेर आला आणि जमिनीवर पडला. दादाने लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. दुसरा गठ्ठा आला. तिसरा अर्धा बाहेर आला आणि सुतळी तुटली, काड भसाभस सांडायला लागलं. आत काहीतरी करकरलं.

"भैया, रोको!" धाकटा ओरडला. "रोको, रोको! गाँठ छूट गई!"

"कौन सी तरफ?" थोरल्याने ब्रेक दाबत विचारलं.

"बाईं! उतरो मत, मैं देखता हूँ. थोड़ा आगे लो. बस, बस!"

आपण थेट बोललो हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं. धाकटा मशीनखाली शिरला तो बराच वेळ बाहेर आला नाही. थोरला स्टिअरिंगवर हात ठेवून समोर रानाकडे बघत बसला. शेवटी खालून आवाज आला, "चलाओ." थोरल्याने ट्रॅक्टर चालवला. त्यानंतर एकही गठ्ठा सुटला नाही.

सौदा झाला. चहा थोरल्याच्या घरून आला आणि त्यात धाकट्याचाही कप होता. त्याने तो उभ्यानेच प्यायला आणि निघताना शाफ्ट मशीनलाच राहू दिला. आम्ही गाडीत बसलो तेव्हा दोघं आपापल्या दारात उभे होते, मध्ये ती भिंत. पुढे त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. भिंत पडली असेल असं वाटत नाही. पण त्या दिवशीचा तो "भैया, रोको" माझ्या कानात अजून आहे.

परतताना धार जवळ आलं. तेव्हा दादा समोरच्या रस्त्याकडेच बघत म्हणाला, "तुला कधी वाटलं का रे, वेगळं व्हावं असं?"

"मला ट्रॅक्टर कुठे चालवता येतो?" मी म्हणालो.

"चेष्टा नको. खरं सांग."

"नाही वाटलं," मी म्हणालो. खरंच कधी वाटलं नव्हतं. मागच्या सीटवरून वहिनी म्हणाली, "अहो, पुढे बघून चालवा." विषय तिथेच संपला.

नंतरचे हंगाम आठवले की मला आधी आठवतो तो वास. उन्हात तापलेलं काड, डिझेल आणि सुतळीचा तेलकट वास. दादा ट्रॅक्टरवर, वहिनी मशीनच्या मागे. डोक्याला दादाचा जुना पंचा गुंडाळलेला आणि डोळे सुतळीवर. गाठ सुटते आहे हे तिला आवाजावरूनच कळायचं. ती हात वर करायची आणि दादा ओरडण्याची वाट न बघता थांबायचा. मी मागून गठ्ठे रचायचो. शाळेत मुलांपुढे उभं राहणारा मी, रविवारी कपडे फाटलेले, हाताला फोड आलेले, आणि तरी सोमवारच्या बसमध्ये बसताना मन भरलेलं असायचं.

दुपारी वहिनी गोवऱ्यांवर बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, भाजायची. गठ्ठ्यांच्या सावलीत, गठ्ठ्यावरच बसून आम्ही ते डाळीत चुरून खायचो. हळूहळू आजूबाजूचे शेतकरी विचारायला लागले, "भिया, म्हारे भी चला दो." आमचं मशीन दुसऱ्यांच्या रानात जायला लागलं. गठ्ठे गोशाळेत जायचे, दूधवाल्यांकडे जायचे. आंब्याची होरपळलेली बाजू तशीच वाळकी राहिली, पण दुसऱ्या बाजूने झाड फुटलं. वहिनी त्याच्या कैऱ्यांचं लोणचं घालून मला धारला पाठवायची.

मग दादाची पाठ गेली. ट्रॅक्टरवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याची मुलगी इंदूरहून येऊन त्याच्यावर रागावून गेली. शेत बटाईने द्यायचं ठरलं आणि ज्याला दिलं त्याच्याकडे स्वतःची यंत्रं होती. म्हणजे आता बेलर विकायचा.

गिऱ्हाइकं येऊ लागली आणि दादा त्यांना परतवू लागला. मुद्दाम नव्हे. माणूस मशीनभोवती एक फेरी मारतो न मारतो तोच दादा सुरू व्हायचा. हा पट्टा घसरतो, ओलं काड घातलं तर गुदमरतो, डावीकडची गाठ पहिल्यापासून नाजूक. ऐकून माणूस मान हलवत निघून जायचा.

एकदा वहिनीने मला बाजूला घेतलं. "भाऊजी, उद्या पीपलरावां गावाहून लोक यायचेत. तुम्ही यांना दिवसभर देवासला अडकवून ठेवा."

मी कबूल केलं. चष्म्याचं निमित्त काढून दादाला घेऊन गेलो. पण दुकानात नंबर लावून बसलो असताना तो एकदम उठला. "तुम्ही दोघांनी मला इथे का आणलंय ते न कळायला मी काय खुळा आहे? चल शेतावर."

पोहोचलो तेव्हा पीपलरावांहून आलेलं जोडपं मशीनपाशीच होतं. त्यांचा म्हशींचा धंदा होता. दोघंही तरुण. बायको खाली बसून आत बघत होती. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी आंब्यामागे सरकलो. आणि दादा सुरू झाला. पट्टा, ओलं काड, डावी गाठ, सगळं.

बायको उठली, हात झटकले. "बाबूजी, यही पूछना था. काकीजी तो कब से कह रही हैं कि सब बढ़िया है."

वहिनी आधी लाजली, मग हसली. दादाही हसला. पाठ सांभाळत तो मशीनजवळ बसला आणि एकेक भाग दाखवत राहिला. ते दोघं विचारत राहिले. सौदा केव्हा ठरला ते मला कळलंच नाही.

त्यांनी आपल्या ट्रॅक्टरला मशीन जोडलं. आणि दादा जाहीर करून मोकळा झाला की तोही बरोबर जाणार, पहिले गठ्ठे बांधून देणार.

"अहो, पाठ!" वहिनी म्हणाली.

"त्यांच्या जीपमध्ये बसतो. ट्रॅक्टरवर नाही."

तो गेला. रात्री परत यायचं म्हणाला होता, आला नाही. फोन केला की म्हणायचा, "थोडं राहिलंय." अखेर मी आणि वहिनी त्याला आणायला पीपलरावांला गेलो.

दादा त्यांच्या अंगणात खाटेवर बसून ताक पीत होता. समोर गठ्ठ्यांची रास. मशीन रानात चाललं होतं, इथपर्यंत आवाज येत होता. त्याच्या केसांत, भुवयांत, कानांवर काड अडकलेलं होतं. आम्हाला बघून तो म्हणाला, "गाठ जमली त्यांना. आता येतो."

वहिनी रागावणार असं मला वाटलं होतं. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि चारचौघांदेखत त्याच्या केसांतली काडं एकेक करून वेचू लागली. घरातही मी तिला असं करताना कधी पाहिलं नव्हतं. दादाने डोळे मिटून घेतले आणि मुकाट्याने डोकं पुढे केलं.